एका बोल्टची साठ पानं

फिटरकाका निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी हातात पुस्तक आलं की ते आधी त्याची पाठ अंगठ्याने दाबून बघत. बांधणी कच्ची निघाली की तिथेच नाक मुरडायचे. आत काय लिहिलंय ही पुढची गोष्ट. पंपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं गेलेली, त्यातली शेवटची अकरा तपासणीच्या टेबलावर. त्यामुळे समोर आलेली वस्तू बरोबर असेल असं ते कधी धरूनच चालत नसत. बरोबर आहे हे तिने सिद्ध करावं, तोवर ती चूकच.

वाचनालयात ते खिडकीजवळच्या एकाच कपाटातली पुस्तकं वाचत. वरच्या दोन फळ्यांवर जादूगार, शापित राजपुत्र आणि पहिल्या पानावर नकाशा छापलेली राज्यं. खालच्या तीन फळ्यांवर अंतराळयानं, यंत्रमानव आणि हजार वर्षांनंतरची शहरं. घरगुती कादंबऱ्यांना ते हात लावत नसत. सासूसुनांची भांडणं भिंतीपलीकडून फुकट ऐकू येतात, त्यासाठी चष्मा कशाला लावायचा, असं त्यांचं म्हणणं. या कपाटातले लेखक मात्र सांगत की आम्ही अख्खं जग उभं केलंय. केलं असेल तर दाखवा, असं म्हणून फिटरकाका पुस्तक उघडत. पाणी कुठून आणलं, दगड कुणी वाहिले, दिवसभर राबून माणसं जेवली कधी, हे शोधत शेवटच्या पानापर्यंत जात, आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येत.

महिन्याला चार पुस्तकं, आठवड्याला एक. सकाळी दहा ते एक, वाचनकक्षातलं तिसरं टेबल, हातात पेन्सिल, शेजारी वही. पुस्तक ते कधी घरी नेत नसत. घरी नेलं की माणूस लोळून वाचतो, आणि लोळून तपासणी होत नाही.

महिन्याच्या एक तारखेला त्यांचा कागद वाचनालयाच्या फलकावर लागे. ‘शांतता राखा’च्या बरोबर खाली. कागदावर पट्टीने आखलेले चार रकाने: पान कितवं, काय झालं म्हणतात, त्याला कष्ट किती लागतात, लेखकाने किती दाखवले. त्याखाली शेरा. कारखान्यात नापास मालाचा अहवाल असाच लिहायचा असे, आणि अहवाल लिहिण्याची दुसरी पद्धत असू शकते हे फिटरकाकांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

एका पुस्तकात एका अनाथ पोराने एका रात्रीत तलवार घडवली होती. हातोडा त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उचललेला, पण त्याच्या नसानसांत लोहाराचं रक्त होतं म्हणे. फिटरकाकांचा शेरा: ‘रक्त हातोडा धरत नाही. पहिल्या रात्री फक्त फोड येतात. नापास.’ दुसऱ्यात एका जादूगाराने काठी फिरवून शंभर खोल्यांचा राजवाडा उभा केला. शेरा: ‘झाडतं कोण? नापास.’ तिसऱ्यात भर अंतराळात यानाचं इंजिन बंद पडलं, तंत्रज्ञाने काहीतरी जोडलं आणि ते सुरू झालं. यातल्या ‘काहीतरी’खाली तीन रेघा मारून त्यांनी लिहिलं होतं: ‘हे काहीतरी कुठल्या दुकानात मिळतं ते लेखकाने कळवावं. छत्तीस वर्षं आम्ही उगाच सुटे भाग मागवत बसलो.’ चाळीस हजारांचं सैन्य एका प्रकरणात डोंगर ओलांडून गेलं, त्यात एकाही माणसाच्या बुटाचा तळ सुटला नाही. त्या लेखकाला त्यांनी आधी स्वतः जिना चढून बघायला सांगितलं. भविष्यवाणीत ज्याचं नाव आलंय असा निवडलेला नायक दिसला की त्यांचा पाराच चढे. आमच्याकडे निवड व्हायची ती जास्तीच्या पाळीसाठी, असं त्यांनी एकदा लिहून ठेवलं होतं.

लोक कागद वाचून हसत आणि मग तेच पुस्तक मागत. इतकं वाईट म्हणजे आहे तरी कसं, हे बघायला. यात सगळ्यांत पुढे शाळामास्तर. तेही निवृत्त, तेही रोज येणारे, आणि वरच्या दोन फळ्यांचे जुने भक्त. फिटरकाकांना कल्पनाशक्ती नावाचा अवयवच नाही, असं ते वाचनकक्षात सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटत. फिटरकाका मान वर न करता म्हणत की आहे, पण ती आम्ही हात धुऊन वापरतो. एवढ्यावर भांडण संपे. दुसऱ्या दिवशी मास्तर नापास पुस्तक काखेला मारून घरी निघालेले दिसत.

बाईंना, म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना, हे बरंच होतं. त्या कपाटाचं जे काही चालत होतं ते त्या कागदावरच चालत होतं.

‘चौदावी झडप’ हे पुस्तक फिटरकाकांच्या हाती आलं ते सर्वांत खालच्या फळीच्या कोपऱ्यातून. जाडजूड, करड्या रंगाचं, मुखपृष्ठावर ना यान ना राजकन्या. पाठ दाबून बघितली, घट्ट होती. गोष्ट एका कोरड्या ग्रहावरच्या वस्तीची. वस्ती जमिनीखाली, पाणी चौदा झडपांमधून येतं, आणि शेवटची झडप जाम झालेली. ती सोडवायला एक बाई पाना घेऊन जाते. बस. राजा नाही, युद्ध नाही, भविष्यवाणी नाही. झडपेवर आठ बोल्ट. सात सुटतात. आठवा सुटत नाही, आणि त्या एका बोल्टवर लेखकाने साठ पानं घालवलेली.

फिटरकाकांनी ती साठ पानं चार दिवस वाचली. बाई आधी गंज खरवडते, तेल सोडते, थांबते. घाई करत नाही. हलकेच ठोकते, कडेने, डोक्यावर नाही. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. ताप देते, गार होऊ देते. पाना लावून जोर करते, पण सगळा जोर करत नाही, कारण बोल्टचं डोकं तुटलं की खेळ खलास. तिसऱ्या दिवशी तो केसभर हलतो, आणि ती त्याला पुढे फिरवायच्या ऐवजी मागे फिरवते. तिथे फिटरकाकांनी पेन्सिल खाली ठेवली. मागे फिरवायचं असतं हे ज्याने स्वतः केलंय त्यालाच माहीत. नवशिका आनंदाच्या भरात पुढे ओढतो आणि आटे खाऊन टाकतो.

त्या महिन्याच्या कागदावर तीन पुस्तकांची नेहमीसारखी सालटी निघाली. चौथ्या ओळीत ‘चौदावी झडप’ असं लिहून त्यापुढे फिटरकाकांनी एक ठिपका दिला. बाकी रकाने कोरे.

कारण कारखान्यात असंच होतं. माल बिघडला तर अहवाल लिहायचा, पानभर. माल बरोबर असला तर त्यावर पंच नावाचा टोकदार खिळा ठेवून एक ठोका मारायचा, ठिपका उमटतो, आणि माल पुढे जातो. बरोबर असण्याबद्दल कुणी चार शब्द बोलत नसे. बरोबर असणं हेच तर काम, त्याचं कौतुक कसलं. अकरा वर्षांत फिटरकाकांनी लाखभर ठिपके दिले असतील, आणि प्रत्येक ठिपक्याचा अर्थ होता: या वस्तूवर मी माझं नाव लावतो. याहून मोठी स्तुती त्यांना येत नव्हती. याहून मोठी स्तुती असते असंही त्यांना वाटत नव्हतं.

पाच महिने गेले. मग एका सकाळी बाई तिसऱ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की काका, वरून यादी मागवली आहे. तीन वर्षांत निदान पाच वेगवेगळ्या सभासदांनी घरी न नेलेलं पुस्तक आता काढून टाकायचं, रद्दीत. सहा आठवड्यांची मुदत. त्यांनी यादी पुढे केली. सातव्या क्रमांकावर ‘चौदावी झडप’, आणि त्यासमोर नोंदीच्या जागी शून्य.

"मी पास केलंय ते," फिटरकाका म्हणाले.

"कधी?"

त्यांनी बाईंना तारीख सांगितली, ठिपका सांगितला. बाई चाचरत म्हणाल्या की तो ठिपका म्हणजे पास हे कुणालाच कळलं नाही. त्यांना स्वतःला वाटलं होतं की पेनची शाई सांडली. मास्तरांनी तर सगळ्यांना सांगितलं होतं की पुस्तक इतकं भिकार आहे की फिटरसाहेबांचे शब्दच संपले.

फिटरकाकांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही माणसं वाचायला शिकलीच कशाला. तीस कागद लावले फलकावर, प्रत्येकावर शिव्या, आणि ज्या एका ओळीत शिवी नाही तिचा अर्थ यांना लागत नाही. सुट्या भागावर ठिपका नसेल तर तो भाग कुणी हातात धरला नसता, आणि इथे ठिपका दिला म्हणून पुस्तक पाच महिने धूळ खात पडलं.

बाईंनी मार्ग सुचवले. रद्दीत जाण्याआधी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते, घरी न्या, कायमचं. फिटरकाकांनी नाही म्हणून मान हलवली. पास झालेला भाग खणात ठेवायचा नसतो, यंत्राला लावायचा असतो. मग तुमच्या कार्डावर एक नोंद करू, काकूंच्या नावाचं कार्ड काढून दुसरी, असंही सुचवून झालं. घरी न नेता नोंद म्हणजे खोटी नोंद, असं म्हणून त्यांनी पेन्सिल उचलली, आणि बाईंनी विषय सोडून दिला. शेवटी त्या म्हणाल्या की मग नेहमीसारखं नापास करा, चार शिव्या घाला, आठवड्यात पाच जण नेतील.

घरी बायकोनेही हेच सांगितलं. तिला या कपाटाबद्दल काडीचा आदर नव्हता. तिच्या मते जो माणूस घरातला गळका नळ दोन वर्षं ‘बघतो’ म्हणतो त्याने दुसऱ्या ग्रहावरच्या नळाची काळजी करू नये. पण नवरा जेवताना घास हातात धरून बसला की काहीतरी आत अडकलंय हे तिला कळे.

"अहो, घाला की शिव्या. तुम्हाला काय जड आहे त्यात?"

"बरोबर असलेल्या मालाला नापास लिहू?"

"पुस्तकाला काय कळतंय."

"मला कळतंय," ते म्हणाले आणि घास तोंडात टाकला.

तरी त्यांनी प्रयत्न केला. शिव्यांचा नव्हे, स्तुतीचा. दोन सकाळी तिसऱ्या टेबलाशी बसून त्यांनी कागद खराब केले. ‘अप्रतिम’ लिहिलं आणि खोडलं. हा शब्द त्या तलवारवाल्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला तीनदा छापलेला होता. ‘मनाला भिडणारं’ लिहिलं आणि आपलं अक्षर आहे याचीच त्यांना लाज वाटली. शेवटी फलकावर लागलं ते एवढंच: ‘चौदावी झडप. काम नीट केलं आहे.’ मास्तरांनी वाचलं आणि मोठ्या आपुलकीने प्रकृतीची चौकशी केली. पुस्तक कुणी नेलं नाही. दोन आठवडे सरले.

तिसऱ्या आठवड्यात फिटरकाकांचा बांध फुटला. अहवाल तर अहवाल, पण नापास कोण आहे ते तरी खरं लिहावं, असं ठरवून त्यांनी एका बैठकीत कागद पुरा केला. महिन्याची एक तारीख नव्हती तरी लावला.

‘चौदावी झडप. पुस्तक पास आहे. हा अहवाल वाचकांचा आहे. पान ४१ ते १०१ यांत एक बाई एक बोल्ट सोडवते. तुम्हाला ते झेपणार नाही. तुम्हाला तलवार एका रात्रीत हवी, राजवाडा एका फुंकरीत हवा. पान ४८ वर तुम्ही जांभई द्याल. पान ५५ वर पुढची पानं चाळाल. पान ६० वर पुस्तक परत कराल आणि म्हणाल की यात काही घडतच नाही. घडतंय, पण ते बघायला जागेवर बसावं लागतं. ज्यांनी आयुष्यात हाताने एकही जाम झालेली वस्तू सोडवली नाही त्यांनी हे पुस्तक घेऊ नये. कपाटातली बाकीची तुमच्यासाठीच लिहिली आहेत. शेरा: वाचक नापास.’

मास्तरांनी कागद दोनदा वाचला, ताडताड काउंटरवर गेले आणि पुस्तक आपल्या नावावर लावून घेतलं. पाचव्या दिवशी परत आणलं. तोंड पाडून, पण ताठ मानेने. शैली रुक्ष आहे म्हणाले. फिटरकाकांनी पुस्तक उघडून बघितलं. साठाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्यांनी तो बोटाने सरळ केला, त्यावर नख फिरवलं आणि काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मास्तरांना आठवडाभर पुरलं.

मग औषधाच्या दुकानातला माणूस घेऊन गेला, तो बावन्नपर्यंत पोचला. बँकेतली कारकून बाई सत्याहत्तरपर्यंत गेली आणि म्हणाली की मला त्या बोल्टची स्वप्नं पडायला लागली. फिटरकाकांना ती त्यातल्या त्यात बरी वाटली. तीन नोंदी झाल्या. मुदतीला नऊ दिवस उरले, आणि चौथी नोंद करून गेली ती ताडपत्रीवाली.

ताडपत्रीवालीचं दुकान वाचनालयाच्या मागच्या गल्लीत. ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांच्या पुढची छतं, फाटक्या बॅगा, सगळं तिच्याकडे शिवायला येई. पन्नाशीची, रुंद खांद्यांची. वाचनालयात ती मासिकं चाळायला येई, आणि त्या खिडकीजवळच्या कपाटाकडे तिने कधी ढुंकून बघितलं नव्हतं. पण ‘ज्यांनी आयुष्यात हाताने’ हे वाक्य तिने वाचलं आणि तिला वाटलं की आपल्याला कुणीतरी हाक मारली. सहा दिवसांनी ती पुस्तक घेऊन थेट तिसऱ्या टेबलाशी आली. एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"काका, हे तुम्ही पास केलं?"

फिटरकाकांनी चष्मा काढला. हे पुस्तक पूर्ण वाचलेला माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. "केलं. बोल्टची पानं कशी वाटली?"

"ती चोख आहेत. पान एकशे त्रेसष्ट वाचलं होतं का?"

वाचलं होतं, पण तिथे काय होतं ते त्यांना आठवेना. तिने पान उघडून समोर ठेवलं. बोल्ट सुटल्यावर त्या बाईला बाहेर जायचं असतं, आणि तिच्या हवाबंद पोशाखाची बाही फाटलेली असते. मनगटापासून कोपरापर्यंत. ती सुई घेते, तासाभरात बाही शिवते आणि निघते. दोन ओळी.

"सहा पदरी कापड," ताडपत्रीवाली म्हणाली. "आणि तीन दिवस पाना धरलेले हात. बोटं सुजली, मूठ मिटत नाही, असं ती स्वतःच एकशे साठावर सांगते. आणि तीन पानांनी तासात शिवून मोकळी. सुई कुणी ओवली हो?"

फिटरकाका म्हणाले की शिवण्याचं काय, होत असेल तासाभरात. म्हणाले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं की आपण आत्ता मास्तरांच्या रांगेत जाऊन उभे राहिलोय.

"उद्या दुकानात या," ती म्हणाली. "घड्याळ घेऊन या."

ते गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली, जमिनीवर पसरलेली हिरवी ताडपत्री, भिंतीवर मेणाच्या दोऱ्याची रिळं, कोपऱ्यात एक दणकट मशीन. मशीन तिने वापरलं नाही, कारण पुस्तकातल्या बाईकडे नव्हतं. ताडपत्रीचे सहा पदर एकावर एक दाबले, तळहातावर चामड्याचा पट्टा चढवला, आरीने भोक पाडलं, सुई घातली, पट्ट्याने रेटली, पलीकडून चिमट्याने ओढली. एक टाका. हवा जाऊ नये म्हणून त्यावर उलटा दुसरा. फिटरकाका स्टुलावर बसून घड्याळ बघत होते. ती बोलत नव्हती आणि थांबत नव्हती. तास झाला तेव्हा त्यांनी शिवण मोजली. चार बोटं. आणि हिचे हात ताजे होते, तीस वर्षं याच कामात मुरलेले.

मग तिने सुई त्यांच्या हातात दिली. दोरा ओवण्यातच त्यांची सात मिनिटं गेली. पहिल्या टाक्याला सुई मोडली. दुसरी घुसली ती अंगठ्यात. ताडपत्रीवालीने चिंधी पुढे केली आणि आपल्या कामाकडे वळली. हसली असती तर बरं झालं असतं.

घरी अंगठा बघून बायकोने विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं, पान एकशे त्रेसष्टसकट. त्यांना आशा होती की बायको म्हणेल, असू द्या, एवढ्या मोठ्या पुस्तकात दोन ओळींचं काय. ती म्हणाली की यात नवल काय, तुमच्या त्या मोठ्या पंपाचा जोड अडकला होता तेव्हा दोन दिवस तुमच्या शर्टाची बटणं मी लावत होते. चमचा धरता येत नव्हता. विसरलात?

विसरले होते. म्हणजे जोड कसा सोडवला ते ठोक्याठोक्याने लक्षात होतं. बटणं कुणी लावली ते गेलं होतं. त्या रात्री त्यांनी नळाकडे बघितलं, पाना काढला, आणि बोट दुखतंय म्हणून परत ठेवला. बायकोने ते पाहिलं आणि मोठ्या मनाने गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी ते दारात होते. मुदतीचा शेवटचा दिवस. बाई यादी घेऊन बसल्या होत्या, ‘चौदावी झडप’समोर चार नोंदी, आणि आजारी माणसाचे नातेवाईक डॉक्टरकडे बघतात तशा त्या फिटरकाकांकडे बघत होत्या. फिटरकाका आधी फलकाकडे गेले. ‘वाचक नापास’ काढला आणि त्या जागी नवा कागद लावला.

‘चौदावी झडप. माझी तपासणी चुकली आहे. पान १६३. सुजलेल्या हातांनी सहा पदरी बाही तासात शिवली असं लिहिलं आहे. तासात चार बोटं होतात, तीही चांगल्या हातांनी. सुई कुणी ओवली हे मी विचारलं नाही, कारण शिवण्याला मी काम धरलंच नव्हतं. चूक ताडपत्रीवालीने काढली. दिलेला ठिपका मागे घेतला आहे. शेरा: तपासणारा नापास.’

मास्तर पाठीमागून वाचत होते. खांद्यावर हात ठेवून ते गोड आवाजात म्हणाले की होतं असं, आपण सगळी माणसंच आहोत. फिटरकाकांनी सांगितलं की तुम्ही साठाव्या पानावर होतात, मी एकशे त्रेसष्टाव्या. नापासातही इयत्ता असतात. मास्तरांनी हात काढून घेतला.

मग ते काउंटरवर आले आणि खिशातून सभासदाचं कार्ड काढलं. नऊ वर्षांत ते एकदाही वापरलेलं नव्हतं. कडा कोऱ्या करकरीत होत्या.

"झडप द्या. घरी न्यायचंय."

बाईंनी यादीकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. "काका, तुम्ही तर खोट्या नोंदीला..."

"खोटी कसली? एक भाग चुकीचा पास केला की सगळा लॉट परत घ्यायचा आणि पहिल्यापासून तपासायचा, हा नियम आहे. आणि तपासणीवर असलेला माल भंगारात जात नाही. लिहा."

बाईंनी लिहिलं. सातव्या क्रमांकावर रेघ ओढताना त्यांचा हात जरा जास्तच जोरात चालला आणि कागद फाटला.

पुस्तक घेऊन फिटरकाका घरी गेलेच नाहीत. मागच्या गल्लीत गेले. ताडपत्रीवाली एका ट्रकवाल्याचं काम घेऊन जमिनीवर बसली होती. त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला, वही मांडीवर ठेवली आणि सांगितलं की मी मोठ्याने वाचतो, तू तुझं काम कर, आणि जिथे खटकेल तिथे थांबव. तिने विचारलं की सगळं? ते म्हणाले की सगळं, दोनशे नव्वद पानं, रोज एक तास. तिने खांदे उडवले. ऐकायला हात लागत नाहीत.

त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. कोरडा ग्रह, जमिनीखालची वस्ती, सकाळी पाण्यासाठी लागलेली रांग. सुई पदरातून जात होती, बाहेर येत होती. तिसऱ्या पानावर रांगेतली एक बाई दोन भरलेल्या बादल्या घेऊन नव्वद पायऱ्या चढते आणि वर आल्याबरोबर शेजारणीशी बोलायला लागते.

"थांबा," ताडपत्रीवाली म्हणाली.

फिटरकाका थांबले होतेच. पेन्सिल उचलून त्यांनी वहीत पानाचा आकडा लिहिला, ती ओळ स्वतःशी पुन्हा वाचली, आणि त्यांचं तोंड हळूहळू वाकडं होत गेलं.